मदत हवी आहे: बॅशची हिस्टरी सगळ्या टर्मिनलांत सामायिक, पण अप-अ‍ॅरो ज्याचा त्याचा

नमस्कार मंडळी,

उबुंटू, बॅश (टर्मिनलात टाइप केलेल्या कमांडा चालवणारं शेल). दिवसभर पाच-सहा टर्मिनलं उघडी असतात. मागच्या आठवड्यात फाइंडची (फाइली शोधणारी कमांड) एक हातभर लांब कमांड जमवली, तेवढ्यात ती खिडकी गोठली आणि प्रोसेस किल करावी लागली. कमांड गेली. बॅश हिस्टरी (दिलेल्या कमांडांची यादी) फाइलीत उतरवतं ते शेल नीट बंद होताना, हे तेव्हा कळलं.

मग बॅशआरसीत (बॅश सुरू होताना वाचतं ती सेटिंगची फाइल) प्रॉम्प्ट-कमांडमध्ये (दर प्रॉम्प्टआधी आपोआप चालतं ते) ओळीने तीन गोष्टी घातल्या: हिस्टरी -ए, हिस्टरी -सी, हिस्टरी -आर. म्हणजे दर प्रॉम्प्टला नवीन ते फाइलीत लिही, मेमरीतली यादी पूस, फाइल पुन्हा वाच. सगळीकडचं सगळीकडे दिसायला लागलं. पण एका खिडकीत माझं बिल्ड, रन, बिल्ड, रन चालू असतं. अप-अ‍ॅरो (मागची कमांड आणणारा बाण) दोनदा आणि एंटर, स्क्रीनकडे न बघता. काल मध्ये शेजारच्या खिडकीतली 'गिट रिसेट --हार्ड' येऊन बसली होती. दुपारपासूनचं कमिट न केलेलं काम स्वाहा. (हो, कमिट करायला हवं होतं. घरी ऐकून झालंय.)

तर हवं असं: कमांड लगेच फाइलीत जावी, अप-अ‍ॅरोला फक्त त्याच खिडकीचं यावं, आणि शोधताना मात्र सगळं सापडावं. बॅशमध्येच जमेल का?

प्रतिसाद १:
-सी आणि -आर काढा, नुसतं हिस्टरी -ए ठेवा. नोंद लगेच होईल आणि शेजारचं मध्ये घुसणार नाही. खिडकी उघडताना फाइलीत जे होतं ते मात्र मागे दिसेलच. कंट्रोल-आर (हिस्टरीत शोधायची कळ) मेमरीतलीच यादी चाळतं, म्हणून इतर खिडक्यांतल्या ताज्या कमांडांसाठी हिस्टरी फाइलीवर ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) मारणारा एक एलियस (कमांडचं छोटं टोपणनाव) करा. हिस्टरी -एनने त्या ओळी आत ओढता येतात, पण मग त्या अप-अ‍ॅरोलाही येणार.

उबुंटूच्या मूळ बॅशआरसीत हिस्ट-साइझ (मेमरीतल्या यादीची मर्यादा) १००० आणि हिस्ट-फाइल-साइझ (फाइलीची मर्यादा) २००० असते. दोन्ही -१ केलं की मर्यादा उठते, बॅश ४.३ पासून.

प्रतिसाद २:
झेडशेलला (बॅशऐवजी वापरता येणारं दुसरं शेल) या. शेअर-हिस्टरी (सगळ्या खिडक्यांची हिस्टरी एकत्र) चालू ठेवा आणि बाणांना सेट-लोकल-हिस्टरी (फक्त त्याच खिडकीची हिस्टरी) वापरणारं विजेट (कळ दाबल्यावर चालणारी क्रिया) बांधा. तुम्ही मागताय ते हुबेहूब हेच.

धागाकर्ता:
नुसत्या -एवर आलोय, एलियसचं नाव 'शोध' ठेवलंय. फाइंडची ती कमांड कोणाला पाठ आहे का?