टेबलमधला रेकॉर्ड एक्सएमएलमध्ये: अ‍ॅट्रिब्यूट की एलिमेंट? सल्ला हवा

पतपेढी_आयटी: नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेच्या सभासद-टेबलचा डेटा एक्सएमएल (टॅगमध्ये मांडलेला मजकूर) करून दुसऱ्या सिस्टीमला द्यायचाय. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर. क्वेरीला 'फॉर एक्सएमएल रॉ' लावलं की सगळे कॉलम अ‍ॅट्रिब्यूट (टॅगच्या आतच नाव="मूल्य") होऊन येतात. फाइल आटोपशीर होते, पण समोरची टीम एलिमेंट (प्रत्येक कॉलमला स्वतंत्र टॅग) मागतेय. कॉलम: क्रमांक, नाव, पत्ता, वारस. फोन वेगळ्या टेबलात. काय करावं?

कळफलक: पत्ता तरी एलिमेंटमध्येच घ्या. अ‍ॅट्रिब्यूटमध्ये साधी नवी ओळ असेल तर पार्सर (फाइल वाचणारा प्रोग्रॅम) तिची स्पेस करतो. १९९८ सालच्या एक्सएमएल १.० पासून हा नियमच आहे. फाइल उघडली तर चार ओळी दिसतात, प्रोग्रॅमच्या हाती मात्र सलग मजकूर पडतो. कॅरेक्टर रेफरन्स (नव्या ओळीच्या चिन्हाचा कोड) दिला तर ओळ टिकते, पण स्वतःच्या स्क्रिप्टने फाइल बनवणारे हमखास तो विसरतात. शिवाय एका टॅगवर एकाच नावाचं अ‍ॅट्रिब्यूट दोनदा चालत नाही. दोन फोन निघाले की 'फोन१', 'फोन२' सुरू, आणि तिसरा आला की स्कीमा (फाइलचा ठरलेला आराखडा) बदला.

विदर्भी_डीबीए: म्हणून सरसकट एलिमेंट करू नका. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाची फाइल पाहा. नोडचा (नकाशावरच्या बिंदूचा) आयडी, अक्षांश, रेखांश अ‍ॅट्रिब्यूटमध्ये. त्या जागेची माहिती देणारे टॅग कितीही असू शकतात, म्हणून ते आत वेगळे एलिमेंट. मी असं करेन:

<सभासद क्रमांक="१०४">
  <पत्ता>…</पत्ता>
  <फोन प्रकार="घर">…</फोन>
  <फोन प्रकार="मोबाइल">…</फोन>
</सभासद>

'रॉ'ऐवजी 'पाथ' वापरा. कॉलमला क्वेरीत दिलेल्या उपनावाआधी @ लावलं की तेवढाच कॉलम अ‍ॅट्रिब्यूट होतो. फोनसाठी आत सबक्वेरी, तिलाही 'फॉर एक्सएमएल पाथ' आणि शेवटी 'टाइप'. ते राहिलं तर आतले टॅग एस्केप होऊन नुसता मजकूर म्हणून येतील. साइझची काळजी नको, झिप केल्यावर फारसा फरक उरत नाही.

पतपेढी_आयटी: पटलं. वारस बऱ्याच ठिकाणी नल (मूल्यच नाही) आहे, त्याचं?

कळफलक: 'एलिमेंट्स एक्सएसआयनिल' जोडा. नाहीतर नल कॉलम फाइलमधून गायबच होतो, आणि वारस नोंदवलेला नाही की कॉलमच पाठवला नाही, हे समोरच्याला कळत नाही. हे जोडल्यावर रिकामं एलिमेंट येतं आणि त्यावर निलची खूण असते. रिकामी स्ट्रिंग आणि नल यांत गल्लत होत नाही. वारसाच्या बाबतीत तरी ती व्हायलाच नको. समोरच्या टीमला ही खूण वाचता येते का, तेवढं आधी विचारून घ्या.