साताऱ्याहून माण-खटाव: धाविक, पखुर्डी, करकोचे आणि पट्टकादंब एका दिवसात बसतील का?

साताराकर_दुर्बीण

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही पाच मित्र एकाच गाडीने निघतोय. पाहायच्या पक्ष्यांची यादी: धाविक, दोन्ही पखुर्ड्या (साधी आणि रंगीत), कांड्या करकोचा, पट्टकादंब, पॅलिड हॅरियर (माळावरचा शिकारी पक्षी) आणि जमलं तर शृंगी घुबड.

बेत असा: साडेसहाला सातारा सोडायचं, नऊपर्यंत मायणी, मग सूर्याचीवाडी आणि येरळवाडी. दुपारी दहिवडीकडची माळरानं आणि शेवटी राजेवाडीचा तलाव. ८×४२ च्या दोन दुर्बिणी, १०×५० ची एक आणि ४०० मि.मी. लेन्सचा कॅमेरा आहे. स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) उसना मिळेल, पण तो वागवायचा की नाही ठरत नाही.

क्रम बरोबर आहे का? पॅलिड आणि माँटेग्यू हॅरियरच्या माद्या कशा वेगळ्या करायच्या? शृंगी घुबडाचं नक्की ठिकाण कुणी सांगेल का?

येरळाकाठ

ठिकाणं ठीक आहेत, क्रम साफ उलटा आहे. माळ आधी, पाणी नंतर.

रंगीत पखुर्डी पाण्यावर येते ती उजाडण्याआधीच्या अंधुक उजेडात, नाहीतर दिवस मावळल्यावर. साधी पखुर्डी येते ऊन वर आल्यावर, साधारण साडेआठ ते दहा, आणि थव्याने. पाण्यावर उतरून दोन-चार घोट घेतले की पुन्हा उडते. दुपारी माळावर गेलात तर दोन्ही हुकतील. धाविक दिवसभर तिथेच असतो, पण दहानंतर तापलेल्या मुरमावरची हवा थरथरायला लागते आणि शंभर मीटरवरचा पक्षी दुर्बिणीत नुसता हलता डाग होतो.

करकोच्यांचं उलट. सकाळी ते हरभऱ्याच्या आणि ज्वारीच्या रानात चरतात आणि उन्हं चढल्यावर पाणी प्यायला, विसाव्याला तलावाच्या उघड्या काठावर उतरतात. पट्टकादंब रात्री आणि पहाटे चरून दिवसा काठावर बसून असतात. म्हणजे या दोघांसाठी अकरा ते दीड हीच वेळ चांगली. लोक ती जेवणात घालवतात.

सूर्योदय सात-सव्वासातला आहे. पावणेपाचला सातारा सोडा, कोरेगाव, पुसेगाव करत दहिवडीच्या अलीकडच्या-पलीकडच्या माळावर साडेसहाला गाडी लावा. दहापर्यंत माळ. मग दहिवडी-मायणी रस्त्याने मायणी, सूर्याचीवाडी, तिथून वडूजच्या वाटेवर येरळवाडी. परतताना पाच वाजता पुन्हा एखादा गवताळ माळ, भोवत्यांसाठी, म्हणजे हॅरियरसाठी. राजेवाडी म्हसवडच्याही पुढे आहे, या फेरीत तो बसवू नका.

रस्त्याचं एक. जानेवारीत गाळप जोरात असतं. कोरेगाव पट्ट्यात पहाटेसुद्धा उसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय चालतात, वेळ त्यात जातो. मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा असते, तेव्हा तो रस्ता विसराच. तुमची तारीख त्या दिवसांत येत नाही ना, पंचांगात बघून घ्या.

फुगवटा

वरच्या क्रमाला माझी संमती, पण तलाव कोणता हे निघायच्या आदल्या दिवशी ठरवा, नावावरून नाही. मायणीचं नाव रोहित पक्ष्यांमुळे झालं आणि २०२१ मध्ये परिसराला संवर्धन राखीवचा दर्जाही मिळाला, म्हणून सगळे थेट तिकडेच जातात. पक्ष्याला नावाशी देणंघेणं नाही, त्याला पाण्याची खोली लागते.

टिलवे, तुतवार, चिखल्या यांना बोटभर पाणी किंवा ओला चिखल हवा. थापट्या, भुवई, तलवार बदक यांना मान घालून तळ गाठता येईल एवढंच पाणी चालतं. चमचे आणि चित्रबलाक गुडघाभर पाण्यात, रोहित थोडा अजून आत. करकोच्यांना आणि पट्टकादंबांना चारी बाजूंनी मोकळा, झुडूप नसलेला काठ पाहिजे, कारण झुडपाआडून कुत्रं किंवा कोल्हा येतो. तलाव काठोकाठ भरला की यातलं काहीच उरत नाही. पाणी थेट बाभळींना टेकतं आणि तुम्हाला दिसतात वारकरी पक्षी आणि पाणकावळे. पाऊस चांगला झाला असेल किंवा उपसा योजनेचं पाणी सोडलं असेल तर जानेवारीतही असं होतं. शेतीला ते पाणी हवंच, तक्रार नाही, पण आपला बेत त्याप्रमाणे हलवायला हवा.

बघायचं कसं? सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी नवीन, एक पिक्सेल १० मीटरचा. जानेवारीत ढग क्वचितच आडवे येतात. शेवटचं चित्र आणि ऑक्टोबरअखेरचं चित्र शेजारी ठेवा. पाण्याची कड मागे सरकून मध्ये तपकिरी पट्टा उघडा पडलेला दिसला तर तो तलाव घ्या. पट्टा हिरवा दिसला तर तिथे गाळपेर (उघड्या गाळात पेरणी) झालीय किंवा बेशरमाची झुडपं वाढलीयत, सोडून द्या.

आणि धरणाच्या भिंतीवर उभे राहून वेळ घालवू नका. भिंतीपाशी पाणी सगळ्यात खोल. पक्षी असतात वरच्या अंगाला, फुगवट्यात. सकाळी पूर्वेचा काठ धरा म्हणजे सूर्य पाठीशी राहील, दुपारनंतर पश्चिमेचा. चुकीच्या काठावर उभं राहिलं की सगळी बदकं काळी दिसतात आणि मग 'हे बदक कोणतं' म्हणून धूसर फोटो इथे येतात.

भोवत्या_निरीक्षक

माद्यांबद्दल. आधी दलदल हॅरियर बाजूला काढा: अंगाने जड, गडद तपकिरी, डोक्यावर मळकट पिवळसर टोपी, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा नाही. पॅलिड आणि माँटेग्यू दोघींनाही तो पांढरा पट्टा असतो, त्यामुळे पट्टा दिसला म्हणून 'पॅलिड' लिहून मोकळे होऊ नका.

पहिली खूण चेहरा. पॅलिडला गालावरचा गडद डाग मोठा असतो, त्याच्या मागे स्पष्ट फिकट गळपट्टा आणि त्याच्याही मागे मानेची बाजू पुन्हा गडद. माँटेग्यूला गळपट्टा नसतो, डोळ्याभोवती पांढरं जास्त, त्यामुळे चेहरा मोकळा वाटतो.

दुसरी खूण पंखाची खालची बाजू, अंगाजवळची पिसं. माँटेग्यूच्या प्रौढ मादीत दोन गडद पट्ट्यांमधली फिकट जागा रुंद आणि स्वच्छ, थेट अंगापर्यंत जाते. पॅलिडमध्ये तो भाग एकूणच काळपट आणि फिकट पट्टी अंगाकडे निमुळती होत विरते. पहिल्या वर्षाची पिल्लं दोन्ही जातींत पोटाला नारिंगी, रेषा नसलेली. तिथे गळपट्ट्यावरच भिस्त.

नर सोपे. पॅलिड फिकट राखाडी, पोट स्वच्छ पांढरट, पंखाच्या टोकाला काळी अरुंद पाचर. माँटेग्यूचा राखाडी जरा गडद, पंखाच्या वरच्या बाजूला आडवी काळी रेघ आणि पोटावर तांबूस रेषा.

फोटोसाठी शटर १/२००० च्या खाली आणू नका आणि पक्षी आकाशावर असेल तर उजेड दोन-तृतीयांश स्टॉपने वाढवा. नाहीतर पंखाखालची बाजू काळीठिक्कर येते आणि वरची सगळी चर्चा वाया.

संध्याकाळी भोवते गवतात जमिनीवर रात्रीच्या मुक्कामाला उतरतात, बरेचदा दोन्ही जाती एकत्र. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास. तासभर आधी गाडी कडेला लावा, किमान दोनशे-तीनशे मीटर लांब, आणि आतच बसा. गवतात शिरलात तर उठलेला पक्षी अंधारात दुसरी जागा शोधत फिरतो.

साताराकर_दुर्बीण

क्रम बदलला, राजेवाडी काढून टाकला. आता दोन शंका. पाच जणांत स्कोप वापरायचा कसा? माळावर गाडीतून उतरायचं की नाही? आणि घुबडाचं राहिलंच.

येरळाकाठ

स्कोप आणाच, पण तलावासाठी. माळावर तो बाहेर काढून मांडेपर्यंत धाविक शंभर पावलं पुढे गेलेला असतो. २०-६० पटीचा असेल तर दुपारी २५-३० च्या वर नेऊ नका. ६० पटीला थरथरही तेवढीच मोठी होते. तिपाईचे पाय पूर्ण उघडू नका, आणि सगळ्यात बुटक्या माणसाच्या उंचीला लावा, कारण उंच माणूस वाकू शकतो. एकाने पक्षी धरायचा आणि बाकीच्यांनी तिपाईला हात न लावता डोळा लावायचा. पट्टकादंबांच्या माना जरूर बघा. मंगोलियात त्यांच्या गळ्यात संकेतांक असलेले पट्टे घातले जातात. तसा दिसला तर अक्षरं-आकडे, क्रम, रंग लिहून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा.

माळावर उतरू नका. गाडीला पक्षी फार बुजत नाहीत, दोन पायांवरच्या माणसाला बुजतात. बैलगाडीची चाकोरी सोडून गाडी आत घालू नका, तिथे गवत पुन्हा धरायला वेळ लागतो. दर दोन-तीनशे मीटरला इंजिन बंद करा, काचा खाली, पाच मिनिटं गप्प. डावीकडच्या दोघांनी डावी बाजू, उजवीकडच्या दोघांनी उजवी, पुढच्याने समोर. जवळून लांब असे पट्टे पाडून बघत जायचं. स्थिर धाविक मुरमात सापडत नाही, चालला की सापडतो: तुरुतुरु धाव, थांबून ताठ, एकदा वाकून टोच, पुन्हा धाव. छाती तांबूस, पोटावर काळा डाग, डोळ्यावरून गेलेली काळी-पांढरी रेघ मानेमागे इंग्रजी व्हीसारखी मिळते. माळटिटवी ओरडत असेल तिथे थांबा, जागा दोघांना सारखीच लागते. नांगरून पडीक सोडलेलं रान वगळू नका, बऱ्याचदा धाविक तिथेच निघतो.

पखुर्डीसाठी पाणवठ्याच्या अगदी काठाला गाडी लावू नका. पन्नास-साठ मीटर मागे राहा. थवा वरून दोन घिरट्या घालतो, गाडी जवळ दिसली तर न पिताच निघून जातो, आणि त्या दिवशी पाण्याविना राहतो किंवा लांब जातो.

दरड

घुबडाचं ठिकाण इथे कुणी लिहू नये आणि लिहिलं तर संपादकांनी काढावं. शृंगी घुबड ओढ्याच्या दरडीत, कपारीत, उघड्या मातीवर अंडी घालतं आणि जानेवारी हा नेमका विणीचा काळ. दिवसा उठवलं की कावळे मागे लागतात आणि तेवढ्या वेळात अंडी किंवा पिल्लं उघडी पडतात. आवाज वाजवून बोलावणं तर नकोच. हवंच असेल तर दिवस मावळल्यावर दरडीपासून लांब, रस्त्यावर उभं राहून ऐका: खोल, दोन अक्षरी 'बु-बो'. ऐकलेली नोंदही नोंदच असते.

मिरज_पाणथळ

सांगलीकडून येणाऱ्यांसाठी: तासगाव, विटा करून मायणी सरळ पडते, म्हणून आमच्या बाजूच्यांनी क्रम थोडा वेगळा ठेवावा. पहाटे खानापूर-आटपाडीकडचा माळ, दुपारी मायणी किंवा राजेवाडी, दोघांपैकी एकच. माझं मत राजेवाडीला, तो तलाव मोठा आहे आणि फुगवट्याला उघडा काठ लांबवर मिळतो. वर 'फुगवटा' यांनी सांगितलेलं उपग्रहाचं चित्र मात्र आधी पाहाच.

ईबर्डवर (पक्षीनोंदींचं संकेतस्थळ) दिवसाची एकच यादी टाकू नका. माळाची वेगळी, प्रत्येक तलावाची वेगळी. सत्तर किलोमीटरच्या एका यादीतून पक्षी नेमका कुठे होता ते कुणालाच कळत नाही. होला, साळुंकी, कावळा सगळे मोजा, तरच यादी 'पूर्ण' म्हणा. पाच जणांनी पाच याद्या न करता एकाने करून बाकीच्यांना शेअर करा, नाहीतर एकच थवा पाचदा मोजला जातो. पॅलिडसारख्या नोंदीला तपासणारा खुलासा मागतो, तिथे 'फोटोत स्पष्ट' एवढंच लिहू नका, गळपट्टा दिसला की पंखाची पट्टी, ते लिहा.

मार्चपासून धाविकाची वीण सुरू होते. तेव्हा पुन्हा त्याच माळावर जाणार असाल तर चाकोरी सोडून एक पाऊलही टाकू नका, अंडी उघड्या मुरमावर असतात आणि खड्यांच्याच रंगाची.