मदत हवी आहे: ऑर्डर दुप्पट होतेय, घ्यावी की नको?

मंडळी, जरा अडलंय. आमचं पत्र्याच्या कपाटांचं वर्कशॉप आहे, 11 माणसं. कटिंगपासून पावडर कोटिंगपर्यंत (रंगाची भुकटी फवारून भट्टीत भाजणं) सगळं एकाच छताखाली. एका जुन्या गिऱ्हाइकाने पुढच्या महिन्यापासून दुप्पट माल मागितलाय. भागीदार म्हणतो, कर्ज काढून दुसरं कटिंग मशीन घेऊ. माझा हात काही सहीला जात नाही.

गेला आठवडाभर मी वेल्डिंग झालेल्या प्रत्येक कपाटावर खडूने तारीख टाकली. सोमवारचं कपाट शुक्रवारी भट्टीत गेलं! कोटिंगसमोर 80 कपाटं उभी आणि दिवसाला निघतात 20. कटिंगवाला दुपारनंतर मोबाइल बघत बसतो (त्याला बोलणार तरी काय, पुढे ठेवायला जागाच नाही).

दुसरी भीती पैशाची. पत्रा आल्यापासून माल जाईपर्यंत 25 दिवस, बिलाचे पैसे यायला 60, आणि पत्रेवाल्याला आम्ही 15 दिवसांत देतो. म्हणजे 70 दिवस पैसा अडकलेला. माल दुप्पट झाला की ही रक्कमही दुप्पट, वर मशीनचा हप्ता. नफा वहीत दिसेल आणि पगाराच्या दिवशी खात्यात खडखडाट.

दुसरी शिफ्ट, दुसरी भट्टी, कोटिंग बाहेर जॉब वर्कला, की सरळ नकार? आधी काय करावं?

प्रतिसाद 1

कटिंग मशीन अजिबात नको, भट्टीसमोरची रांग तेवढी लांबेल. 80 भागिले 20, चार दिवस. तुमचा खडूही तेच सांगतोय. (रांगेतला माल भागिले रोज निघणारा माल म्हणजे थांबायचा वेळ, याला लिटलचा नियम म्हणतात, जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला.)

भट्टीही इतक्यात घेऊ नका. दिवसात रंग किती वेळा बदलता? दर वेळी फवारणीचा बूथ आणि गन साफ करण्यात किती वेळ जातो? आधी ते मोजा. वेल्डिंगचं खराब काम कोटिंगच्या आधीच पकडा, नाहीतर रिजेक्ट माल चांगल्या मालाची जागा खातो. आणि भट्टी काठोकाठ भरेल अशा तारखा कबूल करू नका. कामं अनियमित येत असतील तर भट्टीचा वापर क्षमतेच्या 80 टक्क्यांवरून 90 वर गेला की रांगेतला वेळ दुपटीच्या वर जातो.

मूळ धागाकर्ती

मोजलं. रंगबदल 5, प्रत्येकी 40 मिनिटं. आठ तासांतले 3 तास 20 मिनिटं भट्टी नुसती तापत असते! मला लाजच वाटली. आता सारख्या रंगाची कामं एकत्र लावून दिवसाला 2 बदल, म्हणजे 2 तास सुटतील. भागीदारालाही पटलंय, मशीनचं कोटेशन सध्या ड्रॉवरमध्ये.

पैशाचं मात्र अडूनच आहे. गिऱ्हाईक 60 चे 45 दिवस करायला तयार आहे, त्याखाली नाही. तरी दुप्पट मालावर आजच्या दीडपटीहून जास्त पैसा अडकतो. तीन-चार महिन्यांत टप्प्याटप्प्याने माल वाढवतो आणि पत्र्यापुरता ॲडव्हान्स द्या, असं मागायचा विचार आहे. कुणी असं मागितलंय का? बोलणं कसं सुरू केलंत?