मराठी मजकुराच्या संकेतस्थळांसाठी, जुन्या संगणकांवर चालणारा कोड एडिटर कोणता निवडावा?

नमस्कार.

सांगलीत विश्रामबाग भागात आमचे डीटीपीचे दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुके आणि संस्थांचे अहवाल ही कामे चालूच आहेत. परंतु हळदीचे अडते आणि तासगावकडचे बेदाणा व्यापारी आता संकेतस्थळाचीही मागणी करू लागल्यामुळे एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि थोडेफार पीएचपी असे काम आम्ही दुकानातच करू लागलो आहोत. मजकूर जवळजवळ सगळा मराठी असतो, आणि दरपत्रक तर रोज बदलावे लागते. या कामासाठी सर्वांनी कोणता एडिटर (कोड लिहिण्याचे सॉफ्टवेअर) वापरावा, हे मला एकदाच आणि नीट ठरवायचे आहे.

संगणकांची स्थिती अशी आहे की दोन यंत्रांत ८ जीबी रॅम आणि एसएसडी आहे, तर उरलेल्या दोन यंत्रांत ४ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क आहे. चारही यंत्रांवर विंडोज १० आहे. शेजारी ब्राउझर आणि एखादे मांडणीचे सॉफ्टवेअर उघडे असतेच, त्यामुळे ‘किमान आवश्यकता’ म्हणून जे आकडे छापलेले असतात त्यांचा मला फारसा उपयोग नाही. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या एडिटरसाठी १ जीबी रॅम पुरते असे अधिकृत माहितीत म्हटले आहे. पण तो इलेक्ट्रॉन या सॉफ्टवेअरच्या सांगाड्यावर, म्हणजे प्रत्यक्षात क्रोमियम ब्राउझरच्याच पायावर उभा असल्याने आमच्या लहान यंत्रांवर दोन ब्राउझर एकदम चालवल्यासारखा भार पडतो.

आतापर्यंत जे पर्याय पाहिले त्यांबद्दलचे माझे मत सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांचा वेळ वाचेल. आमच्याकडील एक मुलगा क्लासमध्ये ब्रॅकेट्स या एडिटरवर शिकला असून, बदल लगेच ब्राउझरमध्ये दिसण्याची त्यातील सोय त्याला अजून आठवते; परंतु अडोबीने त्याचा आधार सप्टेंबर २०२१ मध्येच काढून घेतला. गिटहबचा अ‍ॅटम डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला. उद्या बंद पडणाऱ्या साधनावर दुकानाची सवय बसवणे मला परवडणारे नाही. वेबस्टॉर्म ऑक्टोबर २०२४ पासून विनामूल्य मिळतो हे खरे, पण ती सवलत अव्यावसायिक वापरापुरती आहे आणि आमचे काम पैसे घेऊन केलेले असते. सब्लाइम टेक्स्ट हलका आणि चपळ आहे. मात्र त्याचा परवाना एका व्यक्तीसाठी ९९ डॉलरचा आहे, आणि चाचणीच्या नावाखाली तो कायम फुकट वापरत राहणे मला पटत नाही.

म्हणून ८ जीबीच्या यंत्रांवर व्हीएस कोड आणि ४ जीबीच्या यंत्रांवर नोटपॅड प्लस प्लस हा हलका एडिटर, अशी विभागणी माझ्या मनात आहे. माझे प्रश्न असे आहेत. एकाच संकेतस्थळाच्या फाइली दोन वेगळ्या एडिटरांतून आलटून पालटून हाताळल्या गेल्या, तर नेमके काय बिघडू शकते? आणि देवनागरी मजकूर कोडच्या मधोमध असताना कोणता एडिटर कमी त्रास देतो? व्हीएस कोडमध्ये ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातील ऱ्य भोवती कधी कधी पिवळी चौकट दिसते आणि कधी दिसत नाही; याचे कारणही कोणी सांगितले तर उपकार होतील. ‘सगळे वापरतात म्हणून व्हीएस कोडच घ्या’ एवढेच उत्तर कृपया नको.

प्रतिसाद, कराडहून:

तुमची विभागणी मला योग्य वाटते. बिघाड एडिटर वेगळे असल्यामुळे होत नाही, तर त्यांच्या मांडणीविषयीच्या सेटिंग वेगळ्या राहिल्यामुळे होतो. त्यातही मराठी कामात सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे फाइलमध्ये कोणत्या पद्धतीने साठवली जातात ते. सर्व फाइली यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये आणि बीओएम शिवाय असाव्यात, हा नियम पक्का करा. बीओएम म्हणजे फाइलच्या अगदी आरंभी बसणारे तीन अदृश्य बाइट. एचटीएमएलमध्ये ते सहसा खपून जातात, परंतु पीएचपी फाइलमध्ये ते हेडरच्या (पानाच्या मजकुराआधी जाणाऱ्या माहितीच्या) आधीच ब्राउझरकडे रवाना होतात आणि सेशन किंवा कुकी वापरणाऱ्या पानावर ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ ही सूचना येते. कोड कितीही वाचला तरी चूक दिसत नाही, कारण ती कोडमध्ये नसतेच. नोटपॅड प्लस प्लसच्या एन्कोडिंग यादीत ‘यूटीएफ-८’ आणि ‘यूटीएफ-८-बीओएम’ असे दोन वेगळे पर्याय आहेत. त्यांतील पहिला घ्यावा. जुनी फाइल बदलायची असल्यास त्याच यादीतील ‘कन्व्हर्ट’ ने सुरू होणारा पर्याय वापरावा लागतो, कारण वरचे पर्याय फाइल कशी वाचायची एवढेच ठरवतात. व्हीएस कोडमध्ये हाच भेद ‘रीओपन विथ एन्कोडिंग’ आणि ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’ यांच्यात आहे.

पिवळ्या चौकटीचे कारण असे की ऱ्य युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात नुक्ता असलेला ऱ हे स्वतंत्र अक्षर असते, तर दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यानंतर ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह येते. दिसायला दोन्ही सारखेच. व्हीएस कोड अदृश्य चिन्हे मुद्दाम चौकटीत दाखवतो, कारण कोडमध्ये दडवलेल्या अशा चिन्हांतून घातपात होऊ शकतो. चौकट सेटिंगमधून बंद करता येते. पण मी ती चालू ठेवीन, कारण शोधा आणि बदला करताना एका प्रकाराने टाइप केलेला शब्द दुसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या शब्दाशी जुळत नाही, आणि रोजच्या दरपत्रकात हीच अडचण तुम्हाला जास्त भोवेल. सर्वांनी एकच कीबोर्ड मांडणी वापरावी, हा त्यावरचा खरा उपाय. आणखी एक: नवा फोल्डर उघडताना त्यावर विश्वास आहे का असे व्हीएस कोड विचारतो, आणि तिथे नाही म्हटले तर सगळीच देवनागरी अक्षरे चौकटींनी भरून जातात. ते पाहून घाबरू नये.

प्रतिसाद, मिरजेहून:

वरील माहिती उत्तम आहे, तरी निष्कर्षाशी मी सहमत नाही. तुमच्याकडे शिकणारी मुले आहेत. उद्या ती पुण्याला किंवा कोल्हापूरला नोकरीस गेली तर तिथे त्यांना बहुधा व्हीएस कोडच दिसेल, आणि एकाच दुकानात दोन सवयी लावणे हे शिकवणाऱ्यालाही जड जाते. ४ जीबीच्या यंत्रांना आधी एसएसडी बसवा. एडिटर बदलण्यापेक्षा त्याचा फरक जास्त जाणवेल. त्यानंतर व्हीएस कोडमध्ये एक्स्टेन्शन (वरून जोडायची छोटी साधने) मोजकीच ठेवा. आमच्या अनुभवाप्रमाणे बरीचशी मेमरी मूळ एडिटरपेक्षा एक्स्टेन्शन आणि भाषा तपासणाऱ्या सेवाच खातात, आणि कोण किती खाते हे हेल्प यादीतील प्रोसेस एक्स्प्लोररमध्ये स्वच्छ दिसते. ब्रॅकेट्समधली जी सोय त्या मुलाला आठवते, ती लाइव्ह सर्व्हर या एका एक्स्टेन्शनने पुष्कळशी भागते. मात्र पीएचपीची पाने त्यातून चालत नाहीत, त्यांना वेगळा सर्व्हर हवाच.

फॉन्टकडेही लक्ष द्या. कोडसाठीच्या बहुतेक फॉन्टमध्ये देवनागरी नसते, म्हणून फॉन्टच्या सेटिंगमध्ये कन्सोलसच्या पुढे स्वल्पविराम देऊन निर्मला यूआय लिहावे आणि ओळीची उंची थोडी वाढवावी, म्हणजे वरच्या मात्रा व खालचे उकार दाटीवाटीने बसणार नाहीत.

मूळ प्रश्नकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. एसएसडीचा मुद्दा मान्य आहे, पण दोन्ही यंत्रांचा खर्च एकदम करणे या महिन्यात जमणार नाही, कारण सध्या छपाईच्या कागदात पैसे अडकले आहेत. तोपर्यंत ४ जीबीच्या यंत्रांवर नोटपॅड प्लस प्लस राहील आणि तिथे फक्त दरपत्रकाचा मजकूर बदलला जाईल. नवे कोड लिहिण्याचे काम मोठ्या यंत्रांवर होईल. कीबोर्डबाबत इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी, ठरवला आहे, याला दुकानातून थोडा विरोध होईलच.

आता एक उपप्रश्न उरतो. ओळ आत सरकवण्यासाठी टॅब वापरायचा की स्पेस, ओळीच्या शेवटाचे अदृश्य चिन्ह कोणत्या पद्धतीचे आणि एन्कोडिंग कोणते, हे सर्व एकाच ठिकाणी लिहून ठेवण्यासाठी एडिटरकॉन्फिग नावाची फाइल प्रकल्पाच्या मुळाशी ठेवतात असे वाचले. व्हीएस कोड आणि नोटपॅड प्लस प्लस या दोन्हींत ती वाचण्यासाठी वेगळे प्लगइन घालावे लागते, हेही समजले. ज्यांनी ही फाइल दोन्हीकडे प्रत्यक्ष वापरली आहे, त्यांनी नोटपॅड प्लस प्लसमध्ये ओळींच्या शेवटाचा नियम नीट पाळला जातो का, एवढे कृपया सांगावे.