मदत हवी आहे: इतिहासातून डंप काढला तरी रेपो तेवढाच जड

घाईगडबड:
आमचा गिट रेपो (कोड आणि त्याचा सगळा इतिहास ठेवणारा साठा) २.३ जीबीचा झालाय. कुणीतरी कधीकाळी डेटाबेसचा डंप (अख्ख्या डेटाची फाइल) कमिट केलेला, म्हणजे इतिहासात नोंदवलेला. तो इतिहासातून काढला, मेन शाखेवर फोर्स पुशही केलं (सर्व्हरवरची जुनी शाखा बदलून टाकली). लॉगमध्ये फाइल दिसत नाही, पण इतिहास ठेवणारं .गिट फोल्डर ढिम्म. नवा क्लोन (रेपोची प्रत) घेतला तर तोही तेवढाच! उद्या टीमला द्यायचाय, जरा लवकर सांगा.

टर्मिनलकर:
"काढला" म्हणजे कसा? नुसती फाइल डिलीट करून कमिट केलं असेल तर जुन्या कमिटमध्ये ती आहेच. कमांड डकवा.

घाईगडबड:
एवढं कळतं हो. इतिहासातूनच काढली म्हटलं ना.

शिस्तप्रिय:
मुळात डंप गिटमध्ये टाकतातच कशाला? आमच्याकडे एलएफएस (मोठ्या फायली रेपोबाहेर ठेवायची सोय) सक्तीचं आहे, हे प्रश्नच येत नाहीत.

टर्मिनलकर:
@शिस्तप्रिय, एलएफएस आज चालू केल्याने कालचा इतिहास हलका होत नाही. त्यासाठी 'एलएफएस मायग्रेट इम्पोर्ट' लागतं आणि तेही कमिटचे हॅश (ओळख-क्रमांक) बदलतंच. धागाकर्त्याने ते विचारलेलंही नाही.

जारवाला:
बीएफजी (इतिहासातून मोठ्या फायली काढणारं टूल) घ्या. जावा असलं की झालं, १०० एमबीच्या वरचं सगळं एका ओळीत उडवा. बाकी सगळी डोकेदुखी आहे.

मुक्ताई:
बीएफजी शेवटच्या कमिटमधल्या फायलींना मुद्दाम हात लावत नाही, आणि नंतर जीसी (बिनवापराचा डेटा पुसणारी कमांड) आपल्यालाच चालवावं लागतं. हे न सांगता "एका ओळीत" म्हणू नका. त्याच कामाचं दुसरं टूल, फिल्टर-रेपो, रीफ्लॉग (शाखा आधी कुठे होत्या त्याची नोंद) साफ करणं आणि जीसी स्वतःच उरकतं.

जारवाला:
फिल्टर-रेपो ओरिजिन रिमोटच (जिथून क्लोन केला तो पत्ता) काढून टाकतं, नवखा माणूस घाबरतो.

मुक्ताई:
मुद्दामच काढतं. सवयीने जुन्या जागी पुश होऊ नये म्हणून.

@घाईगडबड, तुम्ही फिल्टर-ब्रांच (इतिहास बदलायची गिटचीच जुनी कमांड) वापरलंय का? आणि नवा क्लोन कुठून घेतलात?

घाईगडबड:
हो, फिल्टर-ब्रांच, शेवटी '-- --ऑल' लावून. क्लोन शेजारच्या फोल्डरमधून, नेट स्लो आहे. त्याने काय फरक पडतो?

मुक्ताई:
तिथेच तर सगळं आहे. डिस्कवरचा साधा पाथ दिला की गिट ऑब्जेक्ट्स (साठवलेला डेटा) निवडत बसत नाही, अख्खा साठा हार्डलिंकने (त्याच फायलींना दुसरं नाव देऊन) जोडून टाकतं. नको असलेला डंपही त्यात आला. 'फाइल://' लावून क्लोन करा, मग फक्त लागतं तेवढंच येईल.

मूळ फोल्डरही हलकं होणार नाही, कारण फिल्टर-ब्रांच जुन्या शाखा 'रेफ्स/ओरिजिनल'खाली जपून ठेवतं. शिवाय टॅग-नेम-फिल्टर दिला नसेल तर अ‍ॅनोटेटेड टॅग (कमिटला संदेशासह दिलेली नावं) अजून जुन्या कमिटनाच धरून आहेत. 'फॉर-ईच-रेफ' चालवून सगळे रेफ (शाखा, टॅग अशी कमिटकडे बोट दाखवणारी नावं) बघा. एक जरी रेफ डंपपर्यंत पोचत असेल तरी जीसी त्याला हात लावत नाही.

घाईगडबड:
'फाइल://'ने क्लोन केला, तरी १.९ जीबी. रिलीजचे सगळे टॅग जुनेच दिसतायत.

टर्मिनलकर:
मग सर्व्हरवरून ताजा मिरर क्लोन (सगळ्या रेफसकट प्रत) घ्या, स्लो तर स्लो. त्यावर फिल्टर-रेपो, डंपचा पाथ आणि 'इन्व्हर्ट-पाथ्स' (तो पाथ सोडून बाकी सगळं ठेव). टॅगही नव्याने लिहिले जातील. मग रिमोट जोडून सगळ्या शाखा आणि टॅग फोर्स पुश करा. आधी मूळची एक प्रत बाजूला ठेवा.

आळशी_अजगर:
एवढा खटाटोप कशाला? '--डेप्थ १' देऊन (फक्त शेवटचा कमिट) क्लोन करायला सांगा टीमला.

घाईगडबड:
@आळशी_अजगर, आम्हाला ब्लेम (कुठली ओळ कुणी कधी बदलली) लागतं, त्याला पूर्ण इतिहास हवा.

@टर्मिनलकर, झालं! १४० एमबी. फक्त पुश करताना 'रेफ्स/पुल'वाले नाकारले गेले.

टर्मिनलकर:
गिटहब आहे तर, हे आधी सांगायचंत. ते पुल रिक्वेस्टचे (बदल सामील करायच्या विनंत्यांचे) रेफ आपल्याला बदलता येत नाहीत, तिथली जुनी प्रत पुसायला सपोर्टला लिहावं लागतं. साध्या क्लोनमध्ये ते येत नाहीत, त्यामुळे उद्याचं काम अडत नाही.

मुक्ताई:
जुने क्लोन मात्र सगळ्यांना फेकायला लावा. एकाने जरी जुनी शाखा मर्ज करून पुश केली, तर डंप परत हजर.

शिस्तप्रिय:
आणि एलएफएस चालू करा.