इन्युलिनच्या पावडरने आतड्यातला म्युकस वाचतो का?

तंतुप्रेमी: मोठ्या आतड्याच्या अस्तरावर म्युकसचे, म्हणजे बुळबुळीत संरक्षक स्रावाचे, दोन थर असतात. बाहेरच्या सैल थरात जीवाणू राहतात, आतला घट्ट थर जवळपास जीवाणूमुक्त असतो. आहारात तंतू (फायबर) नसले की काही जीवाणू म्युकसच खातात. थर विरळ झाला की जीवाणूंच्या आवरणाचे तुकडे रक्तात शिरतात, सौम्य दाह टिकून राहतो आणि पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. म्हणून रोज १० ग्रॅम इन्युलिन, म्हणजे वनस्पतींतला एक विरघळणारा तंतू, घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

मुळाशी: कारणमीमांसा मान्य, उपाय अमान्य. २०१६ च्या प्रयोगात उंदरांच्या आतड्यात माणसातले जीवाणू वसवले होते. तंतू नसलेल्या आहारात शुद्ध प्रीबायोटिक (आतड्यातल्या जीवाणूंचं खाद्य, इन्युलिनसारखं) मिसळूनही म्युकसची झीज थांबली नाही. इन्युलिन म्हणजे फ्रुक्टोज या साखरेची साखळी. ते बरंचसं मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच आंबून संपतं, पुढचे जीवाणू उपाशीच राहतात.

तंतुप्रेमी: २०१८ मध्ये उंदरांवरच उलटं दिसलं! तंतू कमी असलेल्या आहारातही इन्युलिनमुळे आतला थर अभेद्य राहिला.

मुळाशी: त्याच प्रयोगात थर वाढण्याचा मंदावलेला वेग इन्युलिनने सुधारला नाही. तो सुधारला बायफिडोबॅक्टेरियम लाँगम हा जीवाणू दिल्यावर. अर्धीच बाजू मांडू नका.

सूक्ष्मजीवी: म्युकस खाणारा प्रत्येक जीवाणू शत्रू नव्हे. अ‍ॅकरमॅन्सिया म्युसिनिफिला म्युकसवरच जगतो. तरी २०१९ च्या छोट्या चाचणीत जास्त वजनाच्या लोकांना तो ३ महिने दिला, तेव्हा पाश्चराइझ केलेल्या, म्हणजे मेलेल्या जीवाणूंनीही इन्सुलिन-संवेदनशीलता सुधारली. वजनात मात्र ठोस फरक पडला नाही.

पावडर घ्यायचीच तर एकदम १० ग्रॅम नको. जेवणाबरोबर २-३ ग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला तेवढंच वाढवा. पोट फुगलं तर आधीच्या मात्रेवर या. आयबीएस (पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारींचा आतड्याचा विकार) असेल तर इन्युलिनने त्रास वाढू शकतो, कारण ते फोडमॅप, म्हणजे आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या, चटकन आंबणाऱ्या कर्बोदकांच्या गटातलं आहे. आणि एचबीए१सी ही रक्तातल्या साखरेची चाचणी महिन्याभरात करून निष्कर्ष काढू नका, ती साधारण मागच्या ३ महिन्यांची सरासरी साखर दाखवते. मधुमेहाची औषधं स्वतःहून कमी करणं तर धोक्याचंच.

तंतुप्रेमी: मात्रेचं पटलं. पण ज्यांच्या ताटात तंतूच नाहीत, त्यांना पावडरही नाकारायची?

मुळाशी: नाकारू नका, पण त्यांचं ताट आधी बदला. कडधान्यं, अख्खी धान्यं, भाज्या यांतले वेगवेगळे तंतू वेगवेगळ्या वेगाने आंबतात, म्हणून आतड्याच्या शेवटापर्यंत पोचतात. जीवाणू तंतू आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात; तिथल्या पेशींचं मुख्य इंधन असलेलं हे ब्युटिरेट तिथेच तयार व्हायला हवं.