कराचीला गेलेल्या भावाचा हिस्सा: १९६५ च्या युद्धाची गोव्यातल्या घराला अजून अडचण?

पायरीचा_दगड (प्रश्न):
बार्देशातलं एक जुनं घर विक्रीला आहे. मूळ मालक चार भाऊ. त्यातला एक गोवा मुक्त होण्याआधीच कराचीला गेला, तिथेच वारला. त्याचे वारस म्हणून सही करणारे पुतणे गोव्यातलेच, सगळे भारतीय नागरिक. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा) कसलाही शेरा नाही, वकिलाचा ३० वर्षांचा सर्चही (जुन्या दस्तांची तपासणी) स्वच्छ. तरी बँक 'शत्रू मालमत्ता नाही असं दाखवा' म्हणून अडून बसली आहे. बँक उगाच घाबरते आहे का?

फेरफार:
नाही, बरोबर अडली आहे. ३० वर्षांच्या सर्चमध्ये हे सापडणारच नाही. १० सप्टेंबर १९६५ ला भारत संरक्षण नियमांखाली आदेश निघाला आणि पाकिस्तानी नागरिकांची भारतातली मालमत्ता कस्टोडियनकडे, म्हणजे शत्रू मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे गेली, आपोआप. घरटी नोटीस लागत नव्हती. शोधाशोध, मोजणी, प्रमाणपत्र हे सगळं मागाहून, कधी कधी चाळीस-पन्नास वर्षांनी. त्यामुळे कोरा उतारा म्हणजे 'अजून कोणी पाहिलेलं नाही' इतकंच.

१९७१ च्या युद्धानंतर मुदत लांबली. धरायच्या तारखा १०-९-१९६५ ते २६-९-१९७७. तेव्हा तो कराचीला कधी गेला यापेक्षा या बारा वर्षांत तो कुठल्या देशाचा नागरिक होता, हे आधी शोधा. गोव्यात इथेच मेख आहे. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगालकडे असल्यामुळे कराचीतले गोवेकर पोर्तुगीज कागदांवरही राहत होते. त्याने पाकिस्तानी नागरिकत्व घेतलंच नसेल तर पाकिस्तानी नागरिकांसाठीचा आदेश त्याला लागू नाही. मात्र ते जुन्या पासपोर्टने किंवा नागरिकत्वाच्या कागदाने दाखवावं लागेल. कराचीच्या चर्चमधला दफनाचा दाखला अनेक जण जोडतात. त्यावरून माणूस तिथे मेला एवढंच कळतं, नागरिकत्व नाही.

आणि कस्टोडियनकडे गेला तर फक्त त्याचा हिस्सा गेला, अख्खं घर नाही. तो चौथाई होता की कमी, हे इन्व्हेंटरीच्या (गोव्यातली वारस ठरवून वाटणी करण्याची कार्यवाही) कागदांतून काढा. लग्न गोव्याच्या कायद्याने झालं असेल तर बायकोचा अर्धा वाटा निघू शकतो आणि तिचं नागरिकत्व वेगळं तपासावं लागतं. हे वकीलसुद्धा विसरतात.

पायरीचा_दगड:
पण आता वारस भारतीय आहेत ना? मग शत्रू कोण उरला?

कलम_अठरा:
२००५ मध्ये सर्वोच्च न्यायालय हेच म्हणालं होतं. महमूदाबादच्या राजांनी १९५७ मध्ये पाकिस्तानी नागरिकत्व घेतलं, १९७३ मध्ये ते वारले. मुलगा भारतीय नागरिक, म्हणून निकाल मुलाच्या बाजूने. त्यावर सरकारने २०१० मध्ये एक वटहुकूम काढला, २०१६ मध्ये एकामागून एक काढले आणि २०१७ मध्ये १९६८ चा शत्रू मालमत्ता कायदाच बदलला. तोही १९६८ पासून लागू धरून! आता 'शत्रू'च्या व्याख्येत त्याचे वारस येतात, ते भारतीय नागरिक असले तरी. अशा मालमत्तेला वारसा कायदा लागत नाही. मालक मेला, नागरिकत्व बदललं, तरी मालमत्ता कस्टोडियनकडेच. पुतण्यांनी त्या हिश्शाचं खरेदीखत केलं तर ते टिकणार नाही. माझ्या मते स्वतःच्याच नागरिकाला वारसामुळे शत्रू ठरवणारी ही व्याख्या अन्यायाची आहे, पण मत मांडून घर मोकळं होत नाही.

मालमत्ता चुकून ओढली गेली असं वाटत असेल तर कलम १८ खाली केंद्र सरकारकडे निवेदन, आदेश हाती आल्यापासून किंवा राजपत्रात छापून आल्यापासून, जे आधी असेल तिथून ३० दिवसांत. त्या निर्णयावर उच्च न्यायालयात अपील, ६० दिवसांत. दिवाणी कोर्टाचं दार बंद. तिथे दावा लावून बसलेल्यांचे ३० दिवस तसेच निघून जातात.

नारळाची_झावळ:
मुंबईतलं जिना हाऊसही याच कायद्यात का?

फेरफार:
नाही, ती निष्क्रांत मालमत्ता. फाळणीनंतर गेलेल्यांसाठीचा तो वेगळा कायदा होता आणि ७ मे १९५४ नंतर नवी मालमत्ता त्याखाली घेता येत नव्हती. जुन्या दस्तांत 'कस्टोडियन' दोन्हीकडे दिसतो, म्हणून घोटाळा होतो.

सीमापार:
थोडं अवांतर. १९६६ च्या ताश्कंद करारात एकमेकांची घेतलेली मालमत्ता परत करण्याबद्दल बोलायचं ठरलं होतं. ते बोलणं कुठेच पोचलं नाही. भारत सरकारच्या म्हणण्याप्रमाणे पाकिस्तानने स्वतःकडची १९७१ मध्येच विकून टाकली. पूर्व पाकिस्तानात याच युद्धामुळे हिंदूंच्या जमिनी 'शत्रू' म्हणून घेतल्या गेल्या. बांगलादेश झाल्यावर शत्रू शब्द गेला, 'अर्पित संपत्ती' आला, जमिनी तिथेच. परत करण्याचा कायदा यायला २००१ साल उजाडलं. दोन्हीकडे फटका बसला तो मागे राहिलेल्यांना.

कलम_अठरा:
मूळ प्रश्नाकडे. इसार देण्याआधी त्या भावाचा हिस्सा बाजूला काढून कस्टोडियनच्या कार्यालयाला लेखी विचारा: सर्व्हे नंबर, मूळ मालकाचं नाव, हिस्सा. फोनवरच्या 'यादीत नाही'ला किंमत नाही. उरलेल्या तीन भावांचे हिस्से विकता येतील, पण वाटणी झालेली नसेल तर तुमचा सहमालक कस्टोडियन असेल. तो हिस्सा भाड्याने घेतलात तर घरपट्टी चुकत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लखनौच्या प्रकरणात सांगितलं की कस्टोडियन हा विश्वस्तासारखा आहे, मालमत्ता केंद्र सरकारच्या मालकीची होत नाही, म्हणून पालिकेचा कर द्यावाच लागेल.